युनिव्हर्सिटी निवडताय, की देश?

सप्टेंबर उजाडला की आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच विषय असतो. जीआरई किती, टोफेल कधी, एलओआर कुणाकडून घेतलंस आणि 'सेफ'मध्ये कुठली टाकलीस? मेसमधली पोळी थंड होते, पण 'अँबिशस, मॉडरेट, सेफ' ही यादी काही संपत नाही. मी हॉस्टेलवर राहत नाही, रोज चिंचपोकळीहून लोकलने येते. पण सबमिशनच्या नावाखाली माझा अर्धा दिवस लेडीज हॉस्टेलमध्येच जातो, त्यामुळे ह्या चर्चांची मी मानद सभासद आहे. (कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मराठी विभागात काय लिहिणार, असं ज्यांना वाटतंय त्यांनी शेवटपर्यंत वाचावं!)

ह्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मात्र कुणीच कुणाला विचारत नाही. "परत यायचंय का?"

विचारलाच, तर उत्तर ठरलेलं असतं. "बघू रे, आधी अॅडमिशन तर मिळू दे!" मित्रांनो, माझं म्हणणं असं आहे की आपल्यापैकी निम्म्याहून जास्त जण युनिव्हर्सिटी निवडतच नाहीयेत. ते देश निवडताहेत, आणि तोही कायमचा. फक्त तसं म्हणायचं नाही म्हणून हातात रँकिंगची यादी धरलीये. कायमचं जाण्यात मला काहीच वावगं वाटत नाही. मी स्वतःही अर्ज भरण्याच्या विचारात आहे. पण पुढच्या तीस वर्षांचा निर्णय घ्यायचा आणि त्यासाठी दोन वर्षांच्या कोर्सचं रँकिंग बघायचं, हा हिशोब मला पटत नाही. चुकून एखाद्याने हा हिशोब जर्नलमध्ये लिहिला तर सर लाल शाईने गोल करतील!

जरा बघा, आपण एकाच वेळी किती वेगवेगळी उत्तरं देतो. एसओपीमध्ये लिहितो की 'मला संशोधनाची आवड आहे'. आई-बाबांना सांगतो, 'दोन-तीन वर्षं अनुभव घेतो, कर्ज फेडतो आणि मग ठरवतो'. आणि अमेरिकेचा व्हिसा घ्यायला बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये उभे राहिलो की तिसरंच उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेच्या कायद्यात विद्यार्थ्याच्या व्हिसाची अट अशी आहे की शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा असायला हवा. इतकंच नव्हे, तर समोर आलेला प्रत्येक अर्जदार कायमचा राहायलाच आलाय असं कायदा आधीच गृहीत धरतो, आणि तसं नाही हे आपण पटवून द्यायचं असतं. ही अट नीट वाचा. ज्या देशात कायमचं राहायचं स्वप्न घेऊन आपण युनिव्हर्सिटी निवडतो, तो देश विद्यार्थी म्हणून घेताना पहिली अट परतण्याची घालतो. कॅनडात विद्यार्थी म्हणून येताना पुढे स्थायिक होण्याची इच्छा असणं गैर धरत नाहीत. मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे निघाल एवढी खात्री मात्र पटावी लागते. म्हणजे देशादेशांत फरक आहे आणि तो रँकिंगच्या यादीत कुठेही छापलेला नसतो.

आता मी चिंचपोकळीची, म्हणून ह्या विषयाकडे जरा वेगळ्या बाजूने बघते. आमच्याकडे कायमचं घर सोडून येणं ही काही नवी गोष्ट नाही. अख्खं गिरणगाव त्यातूनच उभं राहिलं. माझे आजोबा १९६०च्या सुमाराला राजापूर तालुक्यातून आले ते गावकीच्या खोलीत उतरले. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायचं आणि जेवायला खानावळ. कुठल्या गिरणीत चिकटायचं हे कसं ठरलं? गिरणी नफ्यात आहे का, यंत्रं नवी आहेत का, असं काहीही बघून नाही. गावचा माणूस जिथे जॉबर होता, त्या गिरणीत. आधी बदली कामगार म्हणून रोज गेटवर उभं राहायचं, बोलावलं तर काम, नाहीतर परत खोलीवर.

हसू येतं, पण आपण तरी वेगळं काय करतो? "आपले चार सीनियर तिथे आहेत, रूम मिळेल, भारतीय दुकान जवळ आहे" ह्यावरच आपली 'मॉडरेट' यादी तयार होते. गावकीची खोली वाईट नव्हती, तिने हजारो माणसांना पहिल्या महिन्यात उपाशी मरू दिलं नाही. सीनियरांचा ग्रुपही तसाच आहे. विमानतळावर घ्यायला येतात, गादी देतात, कुकर देतात. पण पहिल्या तीन महिन्यांची सोय बघून तीस वर्षांचा मुक्काम ठरवायचा नसतो.

आजोबा मुंबईत कायमचं राहायचं ठरवून आले नव्हते. 'रिटायर झालो की गावी जाणार' हे वाक्य आजीने आयुष्यभर ऐकलं. दर महिन्याला मनीऑर्डर जायची, गणपतीला आणि शिमग्याला ते स्वतः जायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि बहुतेकांच्या हातातलं काम पुन्हा कधी आलंच नाही. तेव्हा आजोबा चाळिशीचे होते, पोरं शाळेत होती. गावी परत जाऊन करणार काय? आणि इथे राहून तरी करणार काय, कारण हातात होतं ते फक्त साच्यावरचं कसब! शेवटी ते राहिले. ठरवून नाही, दुसरा मार्ग उरला नाही म्हणून.

मला ह्यात आपल्यासाठी एक गोष्ट दिसते. कायमचं जाणं हे बहुतेक वेळा कुणी ठरवत नाही, ते आपोआप होऊन बसतं. 'बघू' म्हणता म्हणता नोकरी लागते, मग लग्न, मग मुलांची शाळा. आणि उलटंही होतं. 'बघू' म्हणणाऱ्याला एक दिवस पत्र येतं की तुमची मुदत संपली. म्हणून हे आधी ठरवायला हवं, निदान स्वतःशी तरी. आणि एकदा ठरवलं की प्रश्नच बदलतात. 'ही युनिव्हर्सिटी कितव्या नंबरवर आहे?' ह्याच्या आधी 'हा देश मला डिग्रीनंतर किती वर्षं थांबू देतो, पुढची रांग केवढी, आणि नंबर नाही लागला तर माझं काय?' हे विचारावं लागतं.

आधी अमेरिका घेऊ, कारण हॉस्टेलच्या याद्यांमध्ये तीच सगळ्यात वर. तिथे मास्टर्स झाल्यावर बारा महिने 'ओपीटी'वर काम करता येतं. आपल्या इंजिनियरिंगसारख्या विषयांना त्यावर २४ महिन्यांची वाढ मिळते. (ही वाढ २००८मध्ये १७ महिन्यांची होती, २०१६मध्ये २४ झाली.) एकूण तीन वर्षं. त्यात एच-१बी मिळायला हवा, आणि त्याच्या वर्षाला जागा ६५ हजार, वर अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. मागणी जास्त, म्हणून लॉटरी. मार्च २०२५च्या फेरीत पात्र नोंदण्या झाल्या सुमारे ३ लाख ४४ हजार आणि निवडल्या गेल्या सुमारे १ लाख २० हजार.

लॉटरी हा शब्द आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२मध्ये निघाली, तेव्हा घरं होती ६,९२५ आणि अर्जदार दीड लाखाच्या आसपास. आमच्या चाळीत कुणाचं नाव लागलं, कुणाचं नाही. ज्यांचं लागलं ते काही जास्त कष्टाळू नव्हते आणि ज्यांचं नाही लागलं ते आळशी नव्हते. फक्त एक फरक आहे. सोडतीत नाव नाही लागलं तरी माणूस त्याच चाळीत राहतो. तिकडच्या लॉटरीत तीनदा नाव नाही लागलं, तर बॅग भरायला लागते.

बरं, नियमही जागच्या जागी थांबत नाहीत. १९ सप्टेंबर २०२५ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर भरावे लागतील. त्या रात्री किती घरांत झोप लागली नसेल! महिन्याभराने खुलासा आला की अमेरिकेतच शिकून तिथेच व्हिसा बदलून घेणाऱ्या विद्यार्थ्यांना तो लागू नाही. मग डिसेंबर २०२५मध्ये नवा नियम जाहीर झाला की लॉटरीत जास्त पगाराच्या पायरीवरच्या अर्जांना जास्त संधी द्यायची. नुकत्याच पास झालेल्या पोराची पायरी कुठली असणार, हे वेगळं सांगायला नको.

आणि एच-१बी म्हणजे काही कायमचं राहणं नव्हे. त्यासाठी ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारावर दिली जाणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातच बायको-नवरा आणि मुलं मोजायची, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांच्या वर नाही. लक्षात घ्या, नागरिकत्व कुठलं हे नाही, जन्म कुठला हे बघतात. म्हणजे १४० कोटींच्या भारताला आणि छोट्याशा लक्झेम्बर्गला मर्यादा तीच! २०२५ सालभर मास्टर्सवाल्यांच्या नेहमीच्या रांगेत, म्हणजे ईबी-२मध्ये, भारतीयांसाठीची तारीख २०१२ आणि २०१३ ह्याच दोन वर्षांत घुटमळत होती. ज्यांनी तेव्हा अर्ज टाकला त्यांचा नंबर आत्ता येत होता. २०१२मध्ये मी पहिलीत होते! आणि त्यांच्यामागे जे उभे आहेत, त्यांची संख्या त्याहून मोठी. आज शेवटी उभं राहणाऱ्याचा नंबर कधी येईल ह्याचं गणित मी मांडून बघितलं आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

ह्याचा अर्थ अमेरिकेला जाऊ नये असा नाही. आपल्या ब्रँचमधलं उत्तम काम तिथे चालतं, पैसा आहे, प्रोफेसर आहेत. ज्याला उत्तम शिकायचंय त्याच्यासाठी ती पहिल्या नंबरावर असेलही. पण ज्याचा हेतू 'स्थायिक होणे' हा आहे, त्याच्यासाठी तीच पहिल्या नंबरावर कशी? दोन हेतूंच्या दोन वेगळ्या याद्या हव्यात. आपण एकच करतो.

जर्मनीचं बघा. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये ट्यूशन फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावली. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४पासूनचा आकडा). डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. आणि तिथलीच डिग्री घेऊन शिक्षणाला साजेशी नोकरी लागली, पेन्शनचे हप्ते भरले आणि बी-वन पातळीचं जर्मन येत असेल, तर दोन वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. लॉटरी नाही! पण मग आपल्या यादीत जर्मनी खाली का? कारण भाषा शिकावी लागते. इंग्लिशमध्ये मास्टर्स करता येतं, पण ऑफिसमध्ये, डॉक्टरकडे आणि शेजारच्या काकूंशी बोलायला जर्मनच लागतं. तीस वर्षं राहायचंय म्हणणाऱ्याला तीन वर्षं भाषा शिकायचा कंटाळा येतो, हे काय गौडबंगाल आहे?

कॅनडात जानेवारी २०१५पासून 'एक्स्प्रेस एंट्री'ची पॉइंट पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव ह्या सगळ्याचे मार्क. वयाचे पूर्ण मार्क २० ते २९पर्यंत, तिशीनंतर दरवर्षी कमी होत जातात. २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्याही निघायला लागल्या. (माझ्या कॉन्व्हेंटमधल्या फ्रेंचला पहिल्यांदाच काही किंमत आली!) पण जानेवारी २०२४मध्ये तिथल्या सरकारने विद्यार्थी-परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय विद्यार्थ्यांना सोयीची असलेली झटपट अर्जाची योजना बंद केली. ज्यांनी कुठल्यातरी गावातल्या कुठल्यातरी कॉलेजात, फक्त पीआरसाठी म्हणून, डिप्लोमाला पैसे भरले होते, त्यांची पुढची सगळी गणितं ह्या बदलांत अडकली. डिग्री निव्वळ तिकीट म्हणून काढलेली, आणि गाडीचाच मार्ग बदलला.

ब्रिटनने एप्रिल २०१२मध्ये शिक्षणानंतर राहून काम करायची सवलत काढून घेतली, १ जुलै २०२१ला दोन वर्षांची सवलत पुन्हा सुरू केली, आणि १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीड वर्षाचीच मिळेल असं ठरवलं. शिवाय ह्या काळात तिथे काढलेले महिने कायमच्या वास्तव्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांत मोजले जात नाहीत. म्हणजे एक वर्षाचं मास्टर्स म्हणून स्वस्त, पण राहायचं असेल तर घड्याळ उशिरा सुरू होतं.

ह्या सगळ्या तारखा ओळीने वाचल्या की माझा मुख्य मुद्दा आपोआप पुढे येतो. युनिव्हर्सिटीचं नाव पन्नास-शंभर वर्षांत बनतं, पण त्या देशाचा दरवाजा आपल्या चार सेमिस्टरमध्ये दोनदा बदलू शकतो. त्यामुळे फक्त दरवाजा बघून युनिव्हर्सिटी घेणं धोक्याचं, आणि दरवाजाकडे न बघता फक्त नाव बघून घेणंही धोक्याचं.

चिंचपोकळीपासून दोन स्टेशनांवर परळ आहे. तिथल्या पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब राहत होतं. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. करारात लिहिलं होतं की परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. म्हणजे परत यायचं की नाही हा प्रश्न जाण्याआधीच कागदावर सुटलेला. १९१५मध्ये एम.ए. झालं, १९१६मध्ये ते लंडनला गेले, १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेऊन १९२०मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि १९२३मध्ये डी.एस्सी. पूर्ण केली.

मी हे 'बघा, ते परत आले, तुम्हीही या' असं सांगायला लिहीत नाहीये. तेवढं भाषण आपण दर वर्षी ऐकतो. मला ह्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक म्हणजे, त्यांनी जे शिकायचं ठरवलं होतं ते अर्थशास्त्र कुठल्याही देशाच्या व्हिसावर अवलंबून नव्हतं. मध्ये तुटलं, परत यावं लागलं, तरी मिळवलेलं वाया गेलं नाही. दुसरी म्हणजे, ज्या अमेरिकेतून ते १९१६मध्ये निघाले, तिने लगेच १९१७मध्ये भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना स्थलांतराची बंदी केली. १९४६मध्ये भारतीयांना वर्षाला १०० जागा दिल्या आणि १९६५च्या कायद्याने दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला. ह्या सगळ्या वर्षांत कोलंबिया मात्र कोलंबियाच होती.

आता पैशांचं. ही गोष्ट आपण मेसमध्ये बोलत नाही, कारण लाज वाटते. समजा ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. चार सेमिस्टरमध्ये दहा-दहा लाख उचलले आणि शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू झाले, तर तोपर्यंतचं व्याज धरून कर्ज होतं ४७ लाख ७० हजारांच्या आसपास. हप्ता येतो महिना साधारण ६५,७०० रुपये. डॉलरच्या पगारात हा हप्ता अंगाला लागत नाही. पण परत यावं लागलं तर? आपल्या कॅम्पसच्या नोटीस बोर्डावर लागणाऱ्या बऱ्याचशा ऑफर आठवा आणि त्यातून महिना हातात किती येतो ते सांगा. अख्खा पगार दिला तरी हप्ता पुरा होणार नाही.

मोठ्या कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते. आमच्यासारख्या चाळीतल्या माणसाकडे तारण काय? खोली पागडीची, ती बँक धरत नाही. गावची जमीन आहे, पण सातबाऱ्यावर बावीस नावं! मग विनातारण, जास्त व्याजाचं कर्ज, किंवा मामाचा फ्लॅट गहाण. म्हणजे निर्णय एकाचा आणि गहाण सगळं खानदान. असं असताना घरच्यांना 'बघू' म्हणून गप्प बसवणं मला बरोबर वाटत नाही. ज्यांची सही लागते त्यांना खरा बेत कळलाच पाहिजे. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गंमत. मुलगा म्हणाला 'कायमचा जातोय' तर चाळीत पेढे वाटतात आणि मुलगी म्हणाली तर विचारतात, "आणि लग्नाचं काय?" म्हणून मुली 'दोन वर्षांत येते' असं सांगून मोकळ्या होतात. त्यापेक्षा एकदाच काय ती रडारड होऊ दे, पण खरं बोला. आई-बाबांना त्यांच्या म्हातारपणाचा बेत तुमच्या खऱ्या उत्तरावर आखायचा असतो.

काही जण म्हणतील, "एवढा विचार करत बसलो तर कुणीच जाणार नाही." तसं नाही. माझ्या नात्यातली एक ताई न्यू जर्सीला आहे. चिंतामणीचं आगमन ती दर वर्षी तिकडे सकाळचा चहा पिता पिता व्हिडिओ कॉलवर बघते, डोळे पुसते आणि ऑफिसला निघते. ती सुखात आहे, कारण तिने हे दोन्ही होणार हे धरूनच निर्णय घेतला होता. दुसरे काही म्हणतील, "देशाच्या पैशावर शिकून पळून जाता!" त्यांना मी एवढंच विचारेन की राजापूरहून मुंबईला आलेल्या आजोबांना तुम्ही पळपुटे म्हणाल का? माणूस कामाच्या मागे जातो, पूर्वीही जात होता. फक्त आजोबांना कुणी नियम समजावून सांगितले नव्हते आणि निवडायला वेळही नव्हता. आपल्याकडे दोन्ही आहे.

तर यादी करायच्या आधी हे पाच प्रश्न स्वतःला विचारा. एक, मला शिकायला जायचंय की राहायला? दोन, डिग्रीनंतर तिथे किती महिने मिळतात आणि पुढे रांग आहे, पॉइंट आहेत की लॉटरी? तीन, उद्या परत यावं लागलं तर ह्या विषयाला भारतात काम आहे का? चार, भारतातल्या पगारावर हप्ता फेडता येईल का, आणि नसेल तर कर्ज किती कमी करायला हवं? पाच, तिथली भाषा शिकायची माझी तयारी आहे का? ह्या पाचांची उत्तरं लिहून झाली की मग खुशाल रँकिंग उघडा. माझा नियम असा की तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाला 'हो' म्हणता येत नसेल, तर ती युनिव्हर्सिटी कितीही मोठी असली तरी माझ्या यादीत नाही. कायमचं राहायला मिळालं तर उत्तमच, पण नाही मिळालं तरी घर बुडता कामा नये.

जाता जाता सर-मॅडमना एक विनंती. एलओआरवर सही करताना आमच्याकडून युनिव्हर्सिटीचं नाव विचारता, त्याच वेळी 'आणि व्हिसा नाही मिळाला तर?' एवढंही विचारा. आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दर वर्षी स्टेजवर तिकडे स्थिरावलेलेच असतात. ज्यांचा नंबर तीनदा लागला नाही आणि जे परत येऊन इथे कामाला लागले, असेही सीनियर आपल्या कॉलेजचे आहेत. पुढच्या मेळाव्यात त्यांनाही बोलवा. हप्ता कसा फेडला, नोकरी कशी मिळाली आणि कुठला विषय कामी आला, हे ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन.